वर्गणीच्या पावतीपासून परवान्याच्या कलमांपर्यंत : आमची वाटचाल

नांदेडच्या वजिराबादेत वडिलांचे क्रमिक पुस्तकांचे दुकान होते. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीतून आम्ही महाविद्यालयांना नियतकालिके पुरवण्याचे काम सुरू केले. तेव्हा कामाची पद्धत ठरलेली होती. दिवाळीनंतर ग्रंथपाल यादी देत, आम्ही प्रकाशकांकडे वर्गणी भरत असू, अंक टपालाने थेट महाविद्यालयात जात आणि जे अंक पोहोचत नसत त्यांची रक्कम वर्षअखेरीस क्रेडिट नोटने परत केली जाई. डॉलरचा दर कोणत्या तारखेचा धरायचा, एवढाच काय तो वादाचा मुद्दा असे. आज आमच्या कार्यालयातून छापील नियतकालिकांची मागणी क्वचितच जाते. टेबलावर असतात ते ई-नियतकालिके वापरण्याचे परवाना करार, आणि ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या जोडपत्रापर्यंत वाचणे हेच आमचे मुख्य काम झाले आहे.

हा बदल कसा झाला, ते सांगायला हवे. डिसेंबर 2003 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 'यूजीसी-इन्फोनेट डिजिटल लायब्ररी कंसोर्टियम'चे उद्घाटन झाले आणि ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या आयोगाच्याच केंद्रामार्फत देशभरातील विद्यापीठांसाठी एकत्रित वर्गणी भरली जाऊ लागली. प्रत्येक विद्यापीठाने प्रकाशकाशी स्वतंत्र घासाघीस करण्याऐवजी सर्वांच्या वतीने एकाच ठिकाणी बोलणी झाली, तर दर उतरतो आणि अटीही सुधारतात, हे त्यातून दिसले. आमच्यासारख्या पुरवठादारांचे कमिशन मात्र त्याच दिवसापासून आटू लागले. "मधला माणूसच नको म्हटल्यावर तू काय विकणार?" असे वडिलांनी विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमची पुढची काही वर्षे गेली.

ते उत्तर आम्हाला एका तालुक्याच्या गावी सापडले. 2010 मध्ये एन-लिस्ट योजना सुरू झाली आणि अनुदानित महाविद्यालयांना वर्षाला अवघ्या 5,000 रुपयांत, पुढे जीएसटी धरून 5,900 रुपयांत, हजारो ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके खुली झाली. सरकारने इतक्या स्वस्तात इतके मोठे दालन उघडून दिले, याचे मोल मी आजही कमी लेखत नाही. त्या गावच्या महाविद्यालयात दुसऱ्याच कामासाठी गेलो असता ग्रंथपाल मॅडमनी कपाट उघडले आणि रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाहेर काढला. प्रत्येक चिठ्ठीवर एका विद्यार्थ्याचे नाव, त्याचा यूजर आयडी आणि पासवर्ड लिहिलेला होता. वर्गणी भरलेली होती, पावती महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत लावलेली होती आणि चिठ्ठ्या कपाटात होत्या. दोष मॅडमचा नव्हता. ग्रंथालय परिचराची जागा रिक्त होती, परीक्षा विभागाचे कामही त्यांच्याकडेच होते आणि संगणक एकच चालू स्थितीत होता. आम्ही दोघे जण तीन दिवस तिथे बसलो आणि वर्गावर्गांत जाऊन चिठ्ठ्या वाटल्या. भूगोलाच्या एका विद्यार्थिनीने गोदावरी खोऱ्यातील भूजलावरचा लेख उघडला आणि वही काढून त्याचा सारांश हाताने उतरवायला सुरुवात केली. संपूर्ण लेख स्वतःजवळ साठवून ठेवता येतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी आम्ही ठरवले की पैसे भरल्यापासून विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर लेख उघडेपर्यंतची जी वाट आहे, ती चालण्याचे काम आपण करायचे आणि त्याचे सेवाशुल्क उघडपणे घ्यायचे.

एन-लिस्टमध्ये जे नव्हते, त्यासाठी काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन समूह परवाना घ्यावा, हा आमचा पुढचा प्रयत्न होता. नांदेड, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतील नऊ महाविद्यालये तयार झाली. सर्वांत अवघड भाग होता तो खर्चाच्या वाटणीचा. समान वाटणी केली तर दोनशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयावर अन्याय होतो, विद्यार्थिसंख्येवर केली तर मोठे महाविद्यालय म्हणते की आमच्याकडे विज्ञान शाखाच छोटी आहे, आणि वापरावर केली तर जो जास्त वाचतो त्यालाच दंड बसतो. वापरावर आकारणी करायला माझा आजही विरोध आहे, कारण त्यामुळे ग्रंथपाल विद्यार्थ्यांना वाचनापासून परावृत्त करतील अशी व्यवस्था आपणच उभी करतो. अखेर निम्मी रक्कम समान आणि निम्मी विद्यार्थिसंख्येनुसार, असे ठरले आणि ते टिकले.

पुढे कागदांची अडचण आली. खरेदी समितीला तीन कोटेशन हवी असतात, पण ज्या डेटाबेसचा प्रकाशक एकच आहे त्याची तीन कोटेशन आणणार कुठून? म्हणून प्रकाशकाकडून एकमेव पुरवठादार असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी मागवावे लागते. लेखापरीक्षक ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे ग्रंथालयाची दाखल-नोंदवही, उघडून वस्तू कुठे आहे असे विचारतात, तेव्हा त्यांना वापराचा मासिक अहवाल आणि कराराची प्रत दाखवावी लागते. परवान्याचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि महाविद्यालयाचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे ऐन नूतनीकरणाच्या वेळी निधी हाती नसतो. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर 2017 मध्ये यूजीसीकडून योजनेतून मिळणाऱ्या अनुदानाची जुनी वाट संपली आणि ग्रंथालयाचा भार मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आला. करातही बारकावे आहेत. उच्च शिक्षण संस्थांना पुरवलेल्या ऑनलाइन शैक्षणिक नियतकालिकांवरचा जीएसटी जानेवारी 2018 मध्ये माफ झाला, ई-पुस्तकांवर तो राहिला, म्हणून दोन्ही एकत्र असतील तर बिलात ती वेगळी दाखवावी लागतात.

आमच्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती मी नव्या प्रत्येक महाविद्यालयाला आधी सांगतो. ई-नियतकालिकांच्या एका पॅकेजची वर्गणी तीन वर्षे भरून निधीअभावी ती थांबवावी लागली. आमचा समज असा होता की ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक तरी उघडतील. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळेच बंद झाले. करार पुन्हा वाचला तेव्हा कायमस्वरूपी वापराचे कलम त्यात नव्हतेच. छापील अंक वर्गणी थांबल्यावरही कपाटात राहतो, ई-अंक कलम असेल तरच राहतो, हा फरक आम्ही नऊ महाविद्यालयांच्या पैशांवर शिकलो. त्या वर्षीचे आमचे सेवाशुल्क आम्ही परत केले.

दुसरी अडचण आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळख-क्रमांकाची होती. एका प्रकाशकाचा परवाना केवळ आयपी पत्त्यावर चालत असे आणि तालुक्याच्या ब्रॉडबँडला स्थिर पत्ता नव्हता. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ता बदले आणि पैसे भरूनही पडद्यावर वर्गणी भरा असा संदेश येई. कितीही पत्रे लिहिली तरी प्रकाशकाचे उत्तर एकच असे, की तांत्रिक जबाबदारी ग्राहकाची. तेव्हापासून परिसराबाहेरून लॉगिन करून वापरण्याची सोय करारात लिहिलेली नसेल तर आम्ही तो परवाना सुचवतच नाही. मराठवाड्यातला विद्यार्थी एसटीच्या वेळेला बांधलेला असतो. शेवटची गाडी गेली तर घरी जाण्याचा मार्ग उरत नाही, म्हणून त्याचे वाचन गावी, मोबाइलवर आणि रात्री होते.

आगाऊ रकमेबाबतही आम्ही सावध झालो. 1901 पासून चालत आलेली नेदरलँड्सची स्वेट्स ही वर्गणी-एजन्सी सप्टेंबर 2014 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि अनेक ग्रंथालयांनी भरलेली रक्कम प्रकाशकांपर्यंत पोहोचलीच नाही. आमच्याकडे महाविद्यालयाची रक्कम वेगळ्या खात्यात राहते आणि प्रकाशकाची पावती आठ दिवसांत ग्रंथपालांच्या हाती दिली जाते.

25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने शासनानेच एकत्रित वर्गणी भरून ई-नियतकालिके खुली करण्याच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. 2025, 2026 आणि 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके आणि 6,300 हून अधिक संस्था, असा तिचा आवाका आहे. शासकीय संस्थांकडून येणारे आमचे काम तिच्यामुळे कमी झाले, तरी मी तिचे मनापासून स्वागत करतो. माझी चिंता वेगळी आहे. ही सोय केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे आणि मराठवाड्यातील बहुसंख्य महाविद्यालये शिक्षण संस्थांनी चालवलेली आहेत. विद्यापीठाच्या आवारातील विद्यार्थ्याला जो लेख उघडतो, तो त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या देगलूर किंवा गंगाखेडच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही उघडला पाहिजे. तोवर आमचा नऊ महाविद्यालयांचा समूह चालू राहील. त्यात आता आणखी चार महाविद्यालये आली आहेत.

प्रत्येक कराराचा दोन पानी मराठी सारांश आम्ही तयार करतो आणि सही करण्यापूर्वी तो प्राचार्य व ग्रंथपालांसमोर मोठ्याने वाचतो. यंदाच्या बैठकीत एका प्राचार्यांनी वापरकर्त्यांच्या कलमापाशी थांबवले. "आमची माजी मुले नेट परीक्षेचा अभ्यास करायला वाचनालयात येऊन बसतात, त्यांना हे उघडता येईल का?" असे त्यांनी विचारले. कलमात फक्त प्रवेशित विद्यार्थी आणि कर्मचारी असा उल्लेख होता. आम्ही त्याच संध्याकाळी प्रकाशकाला पत्र पाठवले. तीन आठवड्यांनी सुधारित जोडपत्र आले, त्यात 'ग्रंथालयात प्रत्यक्ष येणारे वाचक' हे शब्द वाढवलेले होते, आणि मग तेराही महाविद्यालयांनी सह्या केल्या.