चरबीतला दाणा

पुरणात एखादा डाळीचा दाणा शिजायचा राहिला, तर तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतो. आतड्याचा कॅन्सर पसरलाय का, हे ज्यांत बघतात त्या भोवतीच्या चरबीतल्या लसिका ग्रंथी, आमच्या बोलीत नोड, तशाच शोधायच्या असतात. पंचवीस वर्षं सांगलीत पॅथॉलॉजी करतेय, तरी लग्नाकार्यात कुणी "तुम्ही नक्की काय करता हो?" विचारलं की रक्त-लघवीवर विषय आटपते. जेवणाच्या पंगतीत चरबी चिवडण्याचं काय सांगायचं!

ही गोष्ट ज्या नमुन्याची, तो ऑपरेशनने काढलेल्या उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचा होता. पेशंट मार्केट यार्डातला हमाल, वय ६१. ऑपरेशन योजनेतून झालेलं. सर्जनचं काम स्वच्छ होतं, हे मुद्दाम लिहिते, कारण एरवी आमच्याकडे काय काय येतं ते विचारू नका. अख्खं आतडं पेढ्याच्या डब्यात कोंबलेलं आणि वर पळीभर फॉर्मलिन, म्हणजे नमुना टिकवायचं द्रावण. नमुन्याच्या दहापट फॉर्मलिन हवं, नाहीतर तो आतून सडतो. मग सडलेल्या पेशींवरून मी काय कपाळ वाचणार? हा मात्र मोठ्या बरणीत, बुडून, नीट लेबल लावून आलेला. सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, पाच सेंटिमीटरचा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ट्यूमर. भिंत ओलांडून चरबीत उतरलेला.

त्यानंतरचं काम चरबीचं. फॉर्मलिनमध्ये मुरली की ती पिवळी, घट्ट होते. पातळ काप करायचे आणि एकेक काप अंगठा आणि दोन बोटांत चुरत जायचं. मोठा नोड वाटाण्याएवढा, तो कुणालाही सापडतो. मुगाएवढ्याला सवय लागते. त्याहून लहान असेल तर सवयीपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि नेमका तोच नसतो. निदान १२ नोड बघावेत हा आकडा १९९० साली सिडनीच्या जागतिक परिषदेच्या अहवालाने रूढ केला. कारण साधं आहे. जितके कमी बघाल, तितका "नोडमध्ये आजार नाही" या वाक्यावरचा भरवसा कमी.

मला सात सापडले. स्लाइड आल्या, सातही स्वच्छ. म्हणजे दुसरी स्टेज. संध्याकाळचे साडेसात, बाहेर धो धो पाऊस, रिपोर्ट टाइप होऊन समोर. पेन उघडलं होतं. तेवढ्यात आमचे मामा (लॅबमध्ये माझ्याआधीपासून आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात) हात धुता धुता म्हणाले, "मॅडम, त्या आतड्याची चरबी पिवळ्या पिशवीत टाकू का? उद्या कचऱ्याची गाडी यायचीय."

त्यांनी काही सुचवलं नव्हतं, फक्त टेबल रिकामं करायचं होतं. पण मी पेन मिटलं.

उरलेली चरबी रात्रभर ॲसेटिक ॲसिड, अल्कोहोल, पाणी आणि फॉर्मलिनच्या मिश्रणात ठेवली. जुनी युक्ती आहे. सकाळी पिवळ्या चरबीत नोड खडूसारखे पांढरे उठून दिसतात. आठ आणखी मिळाले. त्यातला एक तीन मिलिमीटरचा, मी बोटांनी दोनदा तरी ओलांडून गेले असणार असा. त्यात कॅन्सर होता. १५ पैकी १. स्टेज तिसरी.

केमोवाल्या डॉक्टरांना फोन केला. ते भला माणूस, माझी समजूत घालायला म्हणाले, "सातच नोड असते तरी मी हाय रिस्क धरून केमोचा विचार केलाच असता." असेलही. पण घरच्यांनी "गाठीत काही नाही ना?" असं विचारलं असतं, रिपोर्टवर शून्य दिसलं असतं आणि मंडळी गावाकडे निघून गेली असती. हे त्यांनाही माहीत आहे. त्यांनी तीन महिन्यांचा कोर्स ठरवला. २०१८ साली सहा ट्रायलमधल्या १२ हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा अशा पेशंटांत या औषधांचे तीन महिने सहा महिन्यांच्या जवळपास तोडीचे ठरले, आणि औषधांमुळे येणारी हातापायांची बधिरता बरीच कमी. बोटांवर जिचं काम चालतं तिला ही बधिरता दुसऱ्याच्या हातातलीही टोचते.

इथवर मी स्वतःवर खूश होते. मग आधीचं हिमोग्लोबिन बघायला मोबाइल नंबर टाकून जुने रिपोर्ट काढले. चौदा महिन्यांत तीन. ९.१, ७.९, ६.८. तिन्ही आमच्याच लॅबचे. लाल पेशी लहान, फिक्या, लोह संपल्याचं उघड चित्र. निदान बिनचूक, खाली माझी सही, आणि शेऱ्याची जागा तिन्ही वेळा कोरी. पुरुषाचं लोह असं संपत असेल तर रक्त पोटातून जात असेल हे धरूनच चालायचं, हे एमबीबीएसला शिकवतात. उजव्या बाजूचा ट्यूमर दुखत नाही, अडवत नाही, गुपचूप झिरपतो. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी शौचातलं रक्त तपासायचं किट पोस्टाने घरी जातं. आमच्या हमालाला गोळ्या, मग ताकदीची इंजेक्शनं, मग दोन बाटल्या रक्त. रक्त जातंय कुठे, हे ना गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ना मी.

दुसऱ्या केमोआधी तो रक्त द्यायला आला. "रगत भरलं का वो मॅडम?" अकरा होतं. केमोनंतर नेमाने चालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाला. "तीस वर्षं हळदीची पोती वाहिली, आन् आता मला चालाय शिकवत्यात!" डॉक्टरांचं चूक नाही. २०२५ मध्ये ८८९ रुग्णांवरचा अभ्यास आला. केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांत पाच वर्षांनी आजाराविना ८० टक्के, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ७४. पण ती बहुतेक कॅनडा-ऑस्ट्रेलियातली, मुळात कमी हालचाल असलेली माणसं. पाठीवर पोती घेतलेल्या गड्याला हा हिशोब कसा लावायचा, मला कळत नाही. तरी संध्याकाळी तो आयर्विन पुलावर जातो म्हणे.

आता पुरुषांच्या अशा रिपोर्टखाली मी एक ओळ घालते, लोह कमी होण्याचं कारण शोधावं, शौचातलं रक्त तपासावं. मागच्या आठवड्यात एका डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही माझ्या पेशंटला घाबरवताय. माझ्याकडे विचारत बसतात."

ओळ काढलेली नाही. फक्त आता ती लाल अक्षरांत नसते.