बोंबील आहेत, दात नाहीत

मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. तेच दात म्हातारपणी तिचे तिलाच लागतात, याची म्हण मात्र कुणी केली नाही. ज्या काळात म्हणी होत होत्या त्या काळात मांजरं बहुधा एवढी म्हातारीच होत नसावीत. आता घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, जाळी लावलेल्या बाल्कनीत कबुतरांवर डोळे वटारत मांजर १५-१६ वर्षं आरामात काढतं. मांजराची १५ वर्षं म्हणजे माणसाची साधारण ७६. घरातल्या ७६ वर्षांच्या आजोबांची कवळी रात्री कुठल्या पेल्यात असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. मांजराच्या तोंडात काय उरलंय, हे मात्र कुणी डोकावून पाहिलेलं नसतं.

दुधाचे २६ आणि पक्के ३०, असा त्यांचा हिशेब. सहाव्या महिन्यापर्यंत पक्के दात येऊन जातात. दुधाचे दात बहुतेक पोटात जातात, त्यामुळे उंदराच्या बिळात टाकायला हाती काही लागत नाही. (उंदरालाही ती भेट आवडली नसती.) समोरचे १२ दात तांदळाच्या कणीएवढे, केसांतली पिसू टिपण्यापुरते. मग ४ सुळे, आणि मागे १० उपदाढा नि ४ दाढा. त्या १४ पैकी एकीलाही दळायला सपाट माथा नाही. जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, फक्त कात्रीसारखा वरखाली होतो. म्हणजे मांजर चावून खात नाही. तुकडा पाडतं आणि गिळतं. वाटीतला कोरडा दाणा तर ते पुष्कळदा अख्खाच गिळतं.

इथे आपली गफलत होते. दात पडला की माणूस हळहळतो, कारण त्याला स्वतःची भाकरी आठवते. एकही दात नसलेलं मांजर बिनबोभाट जेवतं, अंगावर मांस धरतं. जीव खातो तो पडलेला दात नव्हे, अर्धा शिल्लक असलेला.

आपल्यासारखी दातकीड मांजराला लागत नाही म्हटलं तरी चालेल. त्यांचं दुखणं वेगळं. दुधाच्या दातांची मुळं विरघळवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याच जातीच्या पेशी वय वाढल्यावर पक्क्या दाताच्या मुळावर उठतात आणि शरीर स्वतःचाच दात खायला लागतं. सुरुवात बहुधा खालच्या जबड्यात, सुळ्यामागची मोकळी जागा सोडून जी पहिली उपदाढ असते तिथे. दात हिरडीला भेटतो त्या मानेशी खड्डा पडतो आणि त्यावर हिरडी चढते. बघणाऱ्याला वाटतं, दातावर मसुरीच्या डाळीचा दाणा चिकटलाय. त्या दाण्याखाली नस उघडी असते. ती जागा इतकी हुळहुळी असते की भुलेखाली असलेल्या मांजराचा जबडाही तिथे टोचलं की थरथरतो. म्हणून घरी काडी घालून खात्री करून घेऊ नये. चावा बसेल, आणि तो रास्तच असेल.

दुसरं दुखणं आपल्या ओळखीचं: कीटण. दातावरचा चिकट थर दिवसभरात धरतो, दोन-तीन दिवसांत त्याचा दगड होऊ लागतो. वरच्या मोठ्या उपदाढेपाशी लाळेची नळी उघडते, त्यामुळे सगळ्यात जाड कीटण तिथेच, गालाच्या बाजूला. ते हिरडीखाली उतरलं की हाड झिजतं आणि दात हलतो. तोंडाला घाण येते, आणि घरचे म्हणतात, मासे खाते ना, म्हणून. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेट्टीवरून आणलेल्या बोंबलाचा वास तासाभरात जातो. दुसऱ्या दिवशीही जो राहतो, तो बोंबलाचा नसतो.

मांजर दुखणं सांगत नाही, पण वाटीशी पाच मिनिटं बसलं तर दिसतं. पुड्याचा आवाज येताच ते धावत येतं, म्हणजे भूक आहे. वास घेतं. एक दाणा उचलतं, मान उजवीकडे कलंडवतं, जबडा विचित्र हलतो, आणि लाळेने ओला झालेला अख्खा दाणा लादीवर टपकन पडतो. मग ते वाटीवरच फिस्कारतं आणि मागच्या मागे निघून जातं, जणू वाटीनेच चावा घेतला. ‘नखरे वाढलेत’ म्हणून नवा ब्रँड आणला जातो. पाठीच्या केसांच्या गुठळ्या होतात, कारण तोंड दुखत असताना अंग चाटणार कोण? त्यालाही आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो.

तोंड बघायची पद्धत सोपी आहे. सकाळच्या उजेडात मांजराच्या मागे बसायचं, समोर नाही. एक हात डोक्यावरून आणून अंगठा आणि बोट गालांच्या हाडांवर टेकवायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाने ओठ वर सरकवायचा. जबडा उघडायची गरज नाही. दहा सेकंदांत एक बाजू होते. हिरडी फिकट गुलाबी हवी. दाताच्या कडेने लाल रेघ असली तर नोंद घ्यायची. सुळ्यावरच्या उभ्या रेषा जन्मजात असतात, त्यांना तडा समजू नये. सुळ्याचं टोक मोडलं असेल तर मात्र ‘जरासंच तर आहे’ म्हणू नये. मांजराच्या सुळ्यातली नस जवळजवळ टोकापर्यंत येते. आणि म्हातारपणी सुळे लांब दिसायला लागले तर ते वाढत नसतात, खोबणीतून बाहेर सरकत असतात.

ब्रश करायचा तो निरोगी तोंडात. दुखऱ्या दातावर ब्रश फिरवला की मांजर ब्रशचं आणि तुमचं, दोघांचंही नाव टाकतं. आधी डॉक्टरांकडून तोंड साफ करून घ्यावं, मग पहिला आठवडा मांजरांसाठीची, चिकनच्या चवीची पेस्ट बोटावर नुसती चाटू द्यावी. दुसऱ्या आठवड्यात ओठाखाली बोट, तिसऱ्यात बोटाला गुंडाळलेली गॉझची पट्टी, त्यानंतर लहान बाळाचा मऊ ब्रश, हिरडीशी तिरका धरून, फक्त गालाच्या बाजूने. आतली बाजू जीभ सांभाळते. त्या कानशीसारख्या जिभेपुढे आपला ब्रश काय टिकणार! दोन्ही बाजू मिळून एक मिनिट, शक्यतो रोज. आठवड्यातून एकदा केलं तर तोवर थराचा दगड झालेला असतो. माणसांची टूथपेस्ट वर्ज्य: मांजराला थुंकता येत नाही, आणि फ्लोराइड पोटात जातं. कापूर-लवंगेचं दंतमंजन नको, लवंगेचं तेल मुळीच नको. आजीच्या बटव्यातल्या या दोन्ही गोष्टी मांजराला विष आहेत. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

आणि मग तो प्रश्न: ‘एवढ्या वयात भूल?’ भीती वयाची वाटते, बघायची असतात मूत्रपिंडं. आधी रक्ततपासणी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, थायरॉइड, रक्तदाब. डॉक्टर सांगतील तेवढे तासच उपास. म्हाताऱ्या मांजराला माणसासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं आणि पाणी सहसा काढून घेत नाहीत. सलाइन चालू, घशात नळी, अंगाखाली ऊब. डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: दातांचा एक्स-रे काढता का? मुळं हिरडीखाली असतात आणि सगळा निकाल तिथे लागतो. मूळ शाबूत असेल तर दात मुळासकट काढावा लागतो. मूळ हाडात विरघळून गेलं असेल तर वरचा भाग कापून हिरडी शिवली की भागतं. एक्स-रेशिवाय हे ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. जबडा ताणून धरणारी स्प्रिंगची कडी फार वेळ वापरली तर मेंदूकडे जाणारं रक्त अडून मांजर आंधळं होऊ शकतं, म्हणून जाणकार डॉक्टर ती टाळतात. भूल न देता ‘क्लीनिंग’ करून देणारे दिसणारा दात चकचकीत करतात. रोग हिरडीखाली तसाच राहतो. भिंत ओलीची ओली आणि वर डिस्टेंपर.

अपॉइंटमेंट सकाळची घ्यावी आणि कॅरियरवर टॉवेल टाकावा. घोडबंदरच्या कोंडीत माणसाचंही डोकं फिरतं.

घरी आल्यावर दहा ते चौदा दिवस मऊ खाणं. पाऊच फ्रिजमधून काढून तसाच देऊ नये. गरम पाण्याच्या वाटीत ठेवून अंगाइतका कोमट झाला की वास उठतो आणि दुखरं तोंडही पुढे येतं. खोल वाटीऐवजी पसरट बशी. टाके आपोआप विरघळतात. वेदनेचं औषध दिलेल्या मापातच, ‘आज बरी दिसते’ म्हणून मध्येच बंद नाही. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. दोन-तीन दिवसांचा उपास, त्यातून मांजर जाडं, म्हणजे यकृतात चरबी साठायचा धोका.

आता बोंबील. ताजा, बिनमिठाचा उकडून, मधला काटा ओढून काढून बोटभर तुकडा कुस्करून दिला तर हरकत नाही, पण लाड म्हणून, जेवण म्हणून नाही. दिवसाच्या खाण्याचा दहावा हिस्सा फार झाला. वाळवलेला बोंबील आणि सुकट मिठामुळे बाद. मांदेलीचा काटा वरच्या दाढांच्या मध्ये टाळूला आडवा अडकतो आणि मांजर पंजाने तोंड ओरबाडत फिरतं.

वरचा सुळा काढला असेल तर ओठ आत वळतो, कधी खालचा सुळा त्याला टोचतो. तिथे फोड दिसला तर दाखवून घ्यावं. खालचे दोन्ही सुळे गेले तर जिभेचं टोक थोडं बाहेर लोंबत राहतं. सोसायटीतली मुलं त्याचे फोटो काढायला येतात. मांजराचं लक्ष फोनकडे नसतं, पाऊच फाडल्याच्या आवाजाकडे असतं.