पहिला क्रॉलर: निवड, खरेदी आणि वेताळ टेकडीवरची प्रगती

मार्च

पहिला आरसी क्रॉलर (दगडधोंड्यांवर सावकाश चढणारी रिमोटची गाडी) कुठला घ्यावा असं विचारलं की जेवढी माणसं तेवढ्या कंपन्या ऐकायला मिळतात. सगळ्या ऐकून झाल्यावर मी मोजपट्टी खिशात घातली आणि पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलो. कोथरूडच्या बाजूनं चढताना वाटेच्या कडेला काळ्या कातळाचे जे उंचवटे लागतात ते बहुतेक वीतभर ते हातभर. मध्ये मुरूम, सुटी खडी, पावसानं उघडी पडलेली मुळं. गाडी फिरणार ती इथेच. तेव्हा कंपनी, बॉडी, रंग सगळं बाजूला ठेवलं आणि आधी एवढंच ठरवलं की इथल्या दगडाला पुरेल असं चाक हवं.

या एका अटीनं यादी बरीच आटली. ॲक्सियलची एससीएक्स२४ ही १/२४ मापाची (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी) गाडी तळहातावर मावते आणि घरात चालवायला तिच्यासारखी मजा नाही. उशा, पुस्तकांची चळत, गॅलरीतल्या कुंड्या, सगळ्याचा घाट होतो. पण चाक जेमतेम पाच-साडेपाच सेंटिमीटरचं. टेकडीवरच्या खडीतच ती अडकून बसते, कातळापर्यंत पोचायचं तर लांबच. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४एम (१/१८, आली २०२२ मध्ये) थोडी मोठी, ७५० एमएएचची २एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) पेटीतच मिळते, चार्जरसुद्धा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आणि पावसाळ्यात घराबाहेर न पडणाऱ्याला मी आजही या दोघींपैकी एक घे असंच सांगेन. त्यात कमीपणा काही नाही.

डब्ल्यूपीएल आणि एमएनच्या स्वस्त गाड्याही हाताळल्या. एमएनची डी९० दिसायला इतकी देखणी की मन डळमळतं. पण या गाड्यांत रिसीव्हर (रिमोटचा संदेश पकडणारा) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी) एकाच पाटीवर असतात, एक गेलं की दुसरंही गेलं. मग नवा रेडिओ (म्हणजे रिमोट), नवी ईएससी, धातूचे गिअर असं करत करत माणूस दुसऱ्या गाडीच्या किमतीपर्यंत पोचतो. उघडून शिकायला मात्र उत्तम. शेजारच्या पोरानं एक घेतली आहे आणि गिअरबॉक्स त्याला माझ्याहून जास्त कळतो.

उरलं १/१० माप. इथे चाक १०-१२ सेंटिमीटरचं, आणि १.९ इंची रिम हे ठरलेलं माप असल्यामुळे टायर कुठल्याही कंपनीचे चालतात. टीआरएक्स-४ (२०१७) मध्ये पोर्टल ॲक्सल, दोन गतींचा गिअरबॉक्स आणि रेडिओवरून लॉक होणारे दोन्ही डिफ (डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलची दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर). पोर्टल म्हणजे चाकाजवळ गिअरची जोडी देऊन ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर उचललेला. डिफचा गोळा दगडावर कमी आपटतो, शिवाय गिअरची शेवटची घट चाकातच होत असल्यानं ड्राइव्हशाफ्टवर ताण कमी येतो आणि थ्रॉटल दिल्यावर गाडी एका कुशीवर कलत नाही. नव्या गाड्यांत मला तीच सर्वात परिपूर्ण वाटते. किंमत बघितली आणि पुढच्या ओळीकडे वळलो.

किमतीचं थोडं सांगतो, कारण आपल्याकडे निवड त्यावरच अडते. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. परदेशी व्हिडिओत जी "स्वस्त आणि मस्त" म्हणून दाखवतात, ती इथे उतरेपर्यंत स्वस्त राहत नाही. सुट्या भागांचं दुखणं वेगळंच: दुकानदार गाडी मागवतो, तिचा चाळीस रुपयांचा पिन मागवत नाही. म्हणून दुसरी अट घातली. गाडी अशी हवी की तिचे भाग भरपूर लोकांकडे पडून असतील.

एप्रिल

ॲक्सियलची एससीएक्स१० टू घेतली. वापरलेली. हे मॉडेल २०१६ चं, २०२० मध्ये तिसरी आवृत्ती आल्यावर अनेकांनी जुन्या विकायला काढल्या, त्यामुळे ॲक्सल, लिंक (ॲक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्या), गिअर यांचा तुटवडा नाही. पोर्टल नाहीत, सरळ ॲक्सल आहेत. डिफ पहिल्यापासून लॉक. नवख्यासाठी मला हे बरंच वाटतं: उघडायला सोपी, बिघडायला थोडी.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांसाठी: बॉडीकडे बघूच नका, ती काढायला सांगा. मागची चाकं उचलून एक हातानं फिरवा. दुसरं त्याच दिशेनं फिरलं तर डिफ लॉक आहे. उलट दिशेनं फिरलं तर उघडा आहे, आणि कातळावर उघडा डिफ म्हणजे हवेतलं चाक गरागरा फिरणार आणि जमिनीवरचं गप्प बसणार. मग प्रत्येक चाक धरून हलवा, खडखड असेल तर बेअरिंग गेली. ती स्वस्त असतात, किंमत पाडायला उपयोगी. स्क्रूंची डोकी बघा. एल आकाराच्या स्वस्त ॲलन कीनं गोल करून ठेवलेली असतील तर मागच्या मालकानं आतही काय केलं असेल याचा अंदाज येतो. शेवटी रेडिओ लावून सुकाणू दोन्ही टोकांना नेऊन धरा. सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) थरथरला किंवा अर्ध्यात थकला तर त्याचा खर्च आजच धरून चला.

माझ्या गाडीत सर्वो थकलेलाच होता. घेताना माहीत होतं.

घरी आल्यावर पहिला खर्च हत्यारांचा. १.५, २ आणि २.५ मिमीचे चांगले हेक्स ड्रायव्हर. एम३ चे स्टीलचे स्क्रू बोहरी आळीत मूठभर मिळाले, परदेशातून मागवायची काही गरज नाही. बॅटरी ३एस २२०० एमएएच, ड्रोन आणि रोबोटिक्सवाल्यांच्या कृपेनं ही आता सहज मिळते. क्रॉलिंगच्या वेगानं तासभर आरामात चालते. लायपो नवीन असेल त्यांनी एवढं पाळावं: सेल ४.२ व्होल्टच्या वर नाही, वापरायची नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवायची, ईएससीतला कटऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सोय) लायपोवर आहे ना ते पहिल्या फेरीआधी तपासायचं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात कारच्या डिकीत विसरायची नाही. फुगलेला पॅक आणखी एकदा वापरून बघू म्हणायचं नसतं.

मे

खाणीच्या बाजूला एक कातळ हेरून ठेवला आहे. सुमारे वीतभर उभी पायरी, तिच्यावर तिरकी सपाटी, उजव्या अंगाला एक खाच. काहीही बदल केला की याच कातळावर नेऊन बघतो. इंटरनेटवरच्या भांडणांपेक्षा हा लवकर निकाल देतो.

पहिला निकाल: गाडी पायरीला नाक लावते, पुढची चाकं उचलते आणि पाठीवर पडते. चढावर भार मागे जातो, त्यामुळे पुढचं अंग हलकं असेल तर कितीही ताकदीची मोटर घातली तरी हेच होणार. स्वयंपाकघरातला काटा घेतला, पुढची चाकं काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकावर ठेवून वजन केलं, मग उलट. माझी जवळजवळ निम्मी-निम्मी भरली. क्रॉलरवाले पुढे ६० टक्के, मागे ४० असं धरतात.

पितळी नकल (पुढच्या ॲक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) आणि डिफ कव्हर यांचे आयात भाव बघून डोळे पांढरे झाले. त्याऐवजी टायरच्या दुकानात अलॉय व्हीलच्या बॅलन्सिंगला जी चिकटवायची वजनं असतात, ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांची पट्टी, ती आणली. पुढच्या दोन्ही रिमच्या आतून, टायरमधल्या फोमच्या खाली, गोल लावली. चाकातलं वजन सर्वात खाली असतं, गाडीचा तोल तिथेच बसतो. मागच्या चाकांना काही नाही. (पट्टी शिशाची असेल तर काम झाल्यावर हात साबणानं धुवायचे.) बॅटरीसुद्धा पुढे सरकवली.

टायर बदलले ते याच वेळी. मूळ टायरचं रबर कडक होतं, नखानं दाबलं तरी दबेना. मऊ रबराचे घेतले आणि बीडलॉक रिम, म्हणजे टायर गोंदानं न चिकटवता कड्या आवळून बसवायचे. फोम बदलायचा झाला तर उघडता येतात. पुढे फोम थोडा घट्ट, मागे नरम. एकाच फेरीत फरक दिसला: टायर कातळाच्या कडेवर पसरतो, नक्षी दगडाला धरते. पायरी उजव्या खाचेतून चढली. मोटर तीच, ईएससी तीच.

मे अखेरीस मामाकडे रत्नागिरीला गाडी नेली होती. जांभ्याच्या सड्यावर ती काय वाट्टेल ते चढते, दगडच सॅंडपेपरसारखा. तिकडच्या मंडळींनी माझ्या टायरच्या सल्ल्याला फार भाव देऊ नये. आपला घाटावरचा बेसाल्ट गुळगुळीत, वर मुरुमाची भुकटी. इथे मऊ रबराशिवाय गत्यंतर नाही.

जुलै

शेवाळ. कातळावर कुठलंच टायर टिकत नाही, त्यामुळे प्रगती शून्य आणि दुरुस्ती भरपूर. इलेक्ट्रॉनिक्सवर वॉटरप्रूफ लिहिलं असलं तरी बेअरिंगला ते लागू नाही. चिखलातून आल्यावर धुणं, कापडानं पुसणं, पंख्याखाली वाळवणं, मग बेअरिंगला आणि मोटरच्या बुशला तेलाचा एक थेंब. धातूत बसणाऱ्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्यांना लावू नका, प्लास्टिक तडकतं.

ऑक्टोबर

सर्वो बदलला. २५ किलो-सेंमीचा, धातूच्या गिअरचा. दोन दगडांच्या मध्ये अडकलेलं चाक आता जागच्या जागी वळतं. मोठा सर्वो घेताना ईएससीचा बीईसी (सर्वो आणि रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग) त्याला पुरेसा करंट देतो का ते बघा. न दिल्यास ऐन चढावर रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि लोक रेडिओला शिव्या देतात.

ईएससीही मग बदललीच. हॉबीविंगची क्विकरन १०८०, ब्रश मोटरसाठीची. तिच्यात ड्रॅग ब्रेक हवा तेवढा ठेवता येतो. मी पूर्ण ठेवला आहे: थ्रॉटल सोडला की गाडी उतारावर जिथल्या तिथे थांबते, मग निवांत विचार करून पुढची लाईन (चढायची वाट) धरता येते. आधी ती हळूहळू घरंगळायची. बोटभर पुढे, थांब, बोटभर पुढे, हे जमायला लागल्यापासून खरा क्रॉलर हातात आल्यासारखं वाटतंय. टेकडीवर सकाळी फिरायला येणारे काका लोक मात्र अजून एकच विचारतात, "काय हो, स्पीड किती?" माणूस चालतो तेवढासुद्धा नाही म्हटलं की त्यांचा उत्साह मावळतो. त्यांची लहान नातवंडं थांबून बघतात.

मोटर मूळचीच, ३५ टर्नची (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे). ५५ टर्न घाला, आणखी सावकाश चालेल, असं बरेच जण सांगतात. टर्न जास्त तर वेग कमी आणि ताकद अधिक, हे खरं आहे. पण मला अजून एकदाही मोटर कमी पडलेली दिसली नाही. जिथे अडते तिथे टायर घसरतो किंवा पोट टेकतं.

पोट टेकण्याचंच आता बघायचं आहे. कातळाची उजवी लाईन दरवेळी जमते. डावी अजून नाही. तिथे पुढचा ॲक्सल वर जातो आणि मागच्या खालच्या लिंक कडेवर बसतात, चारही चाकं फिरतात आणि गाडी हलत नाही. मधे वर वाकवलेल्या हाय-क्लिअरन्स लिंक मागवल्या आहेत. मावसभाऊ डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, त्याच्या बॅगेत जागा सांगून ठेवली आहे. तोवर मागची शॉकची वरची टोकं एक भोक पुढे घेऊन बघतो.