इयागो एकटा असतो तेव्हा

आज दिवसभर शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' नाटक वाचत होते. स्वगतात पात्र खरं बोलतं, असं आपण धरूनच चालतो. पण हा इयागो, सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी! आपल्या साथीदाराला, रॉड्रिगोला, सांगतो की बढती आपल्याऐवजी कॅसिओला मिळाली म्हणून ऑथेल्लोवर राग आहे. एकटा उरला की आपल्या बायकोचे ऑथेल्लोशी संबंध असल्याचा संशय पुढे करतो, आणि तो खरा की खोटा हे माहीत नाही, हेही वर कबूल करतो. म्हणजे आधी द्वेष, कारणं मागाहून शोधलेली.

ऑथेल्लोला उद्ध्वस्त करण्याचा बेत मात्र आपल्याला, प्रेक्षकांना, आधीच सांगून ठेवतो. मग ऑथेल्लो त्याला 'प्रामाणिक' म्हणतो तेव्हा अक्षरशः ओरडावंसं वाटतं. (शेक्सपिअरच्याच 'मॅकबेथ'मधली लेडी मॅकबेथ निदान झोपेत तरी आपला गुन्हा बोलून जाते.)

आणि शेवटी 'का केलंस?' असा जाब विचारल्यावर हा पठ्ठ्या म्हणतो, यापुढे एक शब्दही बोलणार नाही!