थॉर्नबरीचा डॉक्टर

इंग्लंडचा जुना नामांकित क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस, त्याची दाढी सगळ्यांना ठाऊक. मला मात्र त्याचा थोरला भाऊ एडवर्ड जास्त आवडतो. ग्लॉस्टरशायरमधल्या थॉर्नबरी गावी डॉक्टरकी, वर कॉरोनरची नोकरी, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी. क्रिकेटवाले त्याला 'कॉरोनर'च म्हणत. सामना संपेपर्यंत प्रेत बर्फात ठेवा, असं त्यानं सांगितल्याचा किस्सा आहे. खरा असो-नसो, शोभतो त्याला!

१८६२ साली कँटरबरीला एमसीसीकडून (मेरिलबोन क्रिकेट क्लब) त्यानं नाबाद १९२ केल्या आणि दुसऱ्या डावात दहा बळीही घेतले. कसोटी मात्र एकच, सप्टेंबर १८८०, ओव्हल. तिघे भाऊ एकाच संघात. एडवर्ड ३६ आणि ०, डब्ल्यू. जी. १५२, धाकटा फ्रेड दोन्ही डावांत भोपळा. पण ऑस्ट्रेलियाच्या बॉनरचा आभाळात गेलेला झेल फ्रेडनंच घेतला. दोनच आठवड्यांनी न्यूमोनियानं गेला बिचारा, अवघा २९ वर्षांचा. घरात एवढे डॉक्टर असून.

मीही तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. रविवारी मिडऑफला उभा असलो की सीमारेषेबाहेरून हाक येतेच, "डॉक्टर, पोराला ताप आलाय हो!"