भागून न बघता संख्या मूळ आहे हे कसं कळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न ठरलेला असतो: चार कोटींहून जास्त अंकांची संख्या मूळ आहे, हे कुणी भागून पाहिलं? कुणीच नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. अंक ४,१०,२४,३२०. भागून बघायचं तर वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या लागतील, आणि ते वर्गमूळच दोन कोटींहून जास्त अंकांचं. तो रस्ता बंद.

पण या घडणीच्या, म्हणजे मर्सेन संख्यांसाठी लुकास-लेमर कसोटी आहे. घातांक न ही विषम मूळ संख्या हवी. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून उरलेली बाकी पुढच्या फेरीला घ्या. अशा (न − २) फेऱ्या. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. इथे ‘बहुधा’ चालत नाही.

कागदावर करून बघा. न = ७, संख्या १२७, फेऱ्या पाच: १४, ६७, ४२, १११, ०. मूळ! न = ११ घेतला तर २०४७; नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरतात, म्हणजे संयुक्त. मात्र त्या १७३६ कडे कितीही टक लावून बघा, २३ × ८९ काही दिसणार नाही. कसोटी निकाल देते, अवयव देत नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या संयुक्त आहे हे लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवलं. तिचे अवयव गणितज्ञ कोल यांनी मांडले ते १९०३ मध्ये.

बाकी काढायला भागाकारही लागत नाही. वरच्या न = ७ च्या उदाहरणात ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिल्यावर, त्याचे शेवटचे सात बिट (अंक) तोडले की ३५ आणि ७ असे दोन तुकडे होतात; बेरीज ४२, तीच बाकी.

खरा घाम निघतो तो वर्ग करताना. कोट्यवधी बिटांचा गुणाकार शाळेतल्या रीतीने संपणार नाही, म्हणून फूरिए रूपांतर ही प्रचंड गुणाकार झटपट करण्याची रीत वापरतात. त्यातली उत्तरं दशांशात येतात आणि जवळच्या पूर्णांकाला नेऊन बसवावी लागतात. चूक ०.५ च्या जवळ गेली की कुठल्या पूर्णांकाला न्यायचं तेच कळत नाही. मेमरीतला एक बिट उलटला तरी पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया, आणि शेवटी जी बाकी उरते ती अगदी खऱ्यासारखीच दिसते. मूळ संख्या संयुक्त ठरून हातातून निसटते ती अशी. म्हणून या कसोटीवर शोध चालत असे तेव्हा शोधणारे ‘शून्य नाही’ या निकालावरही विश्वास टाकत नसत: गणित वेगळ्या मांडणीने पुन्हा चालवत आणि दोन्ही वेळच्या बाक्यांचे शेवटचे ६४ बिट जुळले तरच तो घातांक तपासायच्या यादीतून खोडत.