किएरे देनुन्थिआर?

"किएरे देनुन्थिआर?" माद्रिदच्या पोलीस ठाण्यात खिडकीमागच्या बाईंनी विचारलं.

माझ्या डोक्यात इंग्रजीतलं 'डिनाउन्स'! घाईघाईने म्हटलं, नाही हो, कोणावर तोंडसुख नाही घ्यायचं. गर्दीत पाकीट मारलं, एवढंच.

त्या हसल्या. "मग म्हणा, देनुन्थिओ एल रोबो." म्हणजे चोरीची फिर्याद देतेय. त्यांनी विचारलं होतं ते एवढंच, फिर्याद द्यायचीय का? चोराचं नाव लागतच नाही!

घरी येऊन 'देनुन्थिआर'चं मूळ शोधलं. लॅटिन 'नुन्तिउस', म्हणजे निरोप्या. चहाडी करण्याला स्पेनमध्ये वेगळं क्रियापद आहे, 'चिवार्से'. शाळेतली पोरं वापरतात ते.

आपल्याकडेही फिर्याद वेगळी, चहाडी वेगळी. मग माझंच पाकीट गेलेलं असताना ठाण्याची पायरी चढताना मलाच चोरट्यासारखं का वाटत होतं?